निंबानानांचं बियाण्याचं वांगं

जळगावात मेहरूण तलावाच्या अंगाला असलेल्या आमच्या कॉलनीत बाग नाही असं घर नाही आणि ज्याच्यावरून भांडण झालं नाही असं कुंपण नाही. इथला माणूस आठ महिने पाणी नाही म्हणून रडतो आणि उरलेले चार महिने पाणी फार झालं म्हणून रडतो. मधल्या काळात एकमेकांच्या गुलाबांना नावं ठेवतो.

यंदाचा भाद्रपद रडण्याच्या दृष्टीने फार उत्तम गेला. पाऊस थांबायचं नावच घेईना. जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधी गळून पडायच्या. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके. गोगलगायी तर अशा निवांत फिरत होत्या, जसं काही घरपट्टी त्याच भरतात. कॉलनीच्या बागवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात एकाने खायचा सोडा मारायला सांगितला, दुसऱ्याने ताक, तिसऱ्याने दालचिनीची पूड, आणि दीपमालावहिनींनी झाडांशी गोड बोलायला सांगितलं. त्यांचे यजमान लीलाधरभाऊ बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, तो प्रयोग आधी घरात करून बघा.

या सगळ्यात एकच माणूस ग्रुपवर काही लिहीत नव्हता. निंबानाना.

नाना मूळचे धुळ्याकडचे. सगळं आयुष्य ठिबकच्या नळ्या बसवण्यात गेलं. सावद्यापासून रावेरपर्यंतच्या केळीबागांत त्यांनी इतक्या नळ्या पसरल्या की सरळ जोडल्या असत्या तर दिल्लीला पाणी गेलं असतं. झाडाला थेंबाथेंबाने, मुळापाशी, हवं तेवढंच पाणी द्यायचं, हा त्यांचा धर्म. नळावर बादली भरून वाहताना दिसली तरी त्यांना दुखायचं. एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप्याने त्यांच्या द्रोणात भसकन आमटी ओतली, तर नाना त्याला म्हणाले होते की मुळं कुजतील. अशा माणसाच्या डोक्यावर यंदा आभाळ घागरीने ओतत होतं आणि त्याला कुठे चावी नव्हती.

नानांच्या बागेत कुंपणालगत वांग्याचं एक झाड होतं. त्या झाडावर बांबूला बांधलेली काळी छत्री होती. पाऊस आडवा आला की नाना रेनकोट घालून बाहेर यायचे आणि छत्री त्या बाजूला कलती करायचे. ऊन पडलं की छत्री मिटायचे. बुंध्याभोवती त्यांनी चर खणला होता, आणि तो चर इतका हुशारीने उतरता केला होता की नानांच्या बागेतलं सगळं पाणी लीलाधरभाऊंच्या स्कूटरखाली जमा व्हायचं. लीलाधरभाऊ रोज सकाळी ते पाणी खराट्याने परत लोटायचे आणि लोटता लोटता विचारायचे,

"नाना, वांग्याची पत्रिका काढली का? स्थळ बघायला घेऊ."

नाना उत्तर देत नसत. पूर्वीचे नाना असते तर एका उत्तरात भाऊंना घरात पाठवलं असतं. पण यशोदाबाई गेल्यापासून त्यांनी बोलणंही थेंबाथेंबानेच सुरू केलं होतं.

यशोदाबाई त्यांच्या मंडळी. माहेर सावद्याजवळ. लग्नात येताना त्यांनी माहेरच्या भरताच्या वांग्याचं बी आणलं होतं. फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, एका हातात न मावणारं वांगं. भाजलं की साल आपोआप सुटून यायची. हिवाळ्यात त्यांच्या अंगणात काड्यांचा जाळ करून भरीत व्हायचं, आणि आम्ही सगळे काहीतरी निमित्त काढून त्या वेळी तिथून जायचो. लीलाधरभाऊ तर पेपर मागायला जायचे आणि हातात भाकरी घेऊन परत यायचे.

हे बी बाईंनी दरवर्षी स्वतः धरलं. झाडावरचं एक चांगलं वांगं निवडायचं, त्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी म्हणजे याला हात लावायचा नाही. मग ते झाडावरच पिवळंधमक होऊ द्यायचं, बी काढायचं, राखेत कालवायचं आणि त्याच्या लहान थापट्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मारायच्या. पुढच्या अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बी तिथे सुरक्षित. शिवाय बाई चातुर्मास पाळायच्या. दारात वांगी लगडलेली असली तरी ते चार महिने तोंडात घालायच्या नाहीत. चंपाषष्ठीला देवाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग स्वतः खायचं. तोवर झाडावरचं पहिलं वांगं बियाण्याचं.

मागच्याच्या आदल्या पौषात त्या गेल्या. नानांनी वर्षभर बागेत काही लावलं नाही. वर्षश्राद्धाच्या आधी मुलगा हितेंद्र नाशिकहून आला, धुराने काळवंडलेलं स्वयंपाकघर बघून त्याला वाईट वाटलं, आणि वडिलांना बरं वाटावं म्हणून त्याने भिंती खरवडून छान पिस्ता रंग लावून घेतला. रंगाऱ्याने थापट्या शेणाचे डाग समजून काढून टाकल्या. पिठाच्या डब्यामागे त्याचा हात पोचला नाही तेवढी एक राहिली. ती नानांना सापडली तेव्हा ते बराच वेळ डबा हातात धरून उभे होते, असं त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईने माझ्या बायकोला सांगितलं. मुलाला मात्र त्यांनी रंग छान आहे एवढंच म्हटलं.

त्या थापटीतलं बी जुनं झालं होतं. थोडीच रोपं उगवली. आषाढातल्या पावसात एकेक मान टाकत गेलं. उरलं ते हे झाड, आणि या झाडावर एकच वांगं धरलं. बाकीची फुलं पावसाने झडली. नानांनी कपाटातून बाईंच्या जांभळ्या लुगड्याचा काठ फाडला आणि वांग्याला बांधला. ते पिकलं तर यशोदाबाईंचं बी राहणार होतं. नाहीतर आम्ही सगळे बाजारातली वांगी खायला मोकळे होतो. हे कळल्यावर लीलाधरभाऊंनी पाणी परत लोटणं बंद केलं. स्कूटर विटांवर चढवली.

मग पितृपक्ष आला. सवाष्ण गेलेल्या बाईचं नवमीला करतात. वर्षश्राद्ध झाल्यानंतरची यशोदाबाईंची ही पहिली अविधवा नवमी. धुळ्याहून नानांची थोरली बहीण भिकुबाईअक्का आल्या. नाशिकहून सून मोहिनी एकटीच आली, कारण हितेंद्रला रजा मिळाली नव्हती. मोहिनी स्वभावाने गोड, कामाला चपळ. पण तिचं माहेर धुळे शहरातलं, तिसऱ्या मजल्यावरचं. शेती म्हणून तिथे कुंडीत तुळस होती.

ती आली त्या संध्याकाळी बागेत गेली. छत्रीखालचं झाड पाहिलं, वांगं पाहिलं, आणि त्याला बांधलेला जांभळा काठ ओळखला. सासूबाई ते लुगडं तिच्या लग्नात नेसल्या होत्या. नानांना ती आबा म्हणायची. तिच्या मनात आलं, आबांनी हे आईंच्या नवमीसाठीच राखून ठेवलंय. वांगं पिवळं पडत होतं, खालच्या बाजूला पावसाने मऊही झालं होतं. तिला वाटलं, वेळेवर पोचले.

नवमीच्या सकाळी नाना कोरड्या गोवऱ्या शोधायला निघाले. आमच्याकडे पितरांना गोवरीच्या निखाऱ्यावर घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. त्या पावसात सगळ्या जिल्ह्यात कोरडी गोवरी नव्हती. गोठ्यातल्या भिजलेल्या, दुकानातल्या सादळलेल्या. शेवटी त्यांना एका पूजेच्या साहित्याच्या दुकानात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, बिस्किटाएवढ्या गोवऱ्या मिळाल्या. वर गायीचं हसरं चित्र. त्या रेनकोटाच्या आत पोटाशी धरून ते परत आले आणि फाटकातच थांबले. घरातून भाजलेल्या वांग्याचा वास येत होता.

माझी बायको त्या दिवशी तिथे सवाष्ण म्हणून जेवायला होती, म्हणून पुढचं मला नीट माहीत आहे.

नाना आधी झाडापाशी गेले. छत्री जागेवर होती. मग ओल्या पायांनी स्वयंपाकघरात आले. ताटलीत काळं झालेलं वांगं होतं आणि ओट्यावर सोडलेली चिंधी नीट घडी करून ठेवलेली होती. मोहिनी हसून म्हणाली,

"आबा, आईंचं भरीत. जमलं तसं केलंय. बिया जरा टणक आहेत."

गोवऱ्या खाली ठेवायचंही नानांना सुचलं नाही. तेवढ्यात आंघोळ करून अक्का आल्या आणि त्यांच्या नाकाने काय झालंय ते ओळखलं. त्यांनी कपाळाला हात लावला. भावाचं झाड त्यांना रोज फोनवर ऐकून पाठ झालेलं होतं.

"वो माय, हाई काय करी ठेवं तू? बीनं वांगं व्हतं ते. एकच व्हतं."

आणि मग त्या थांबल्याच नाहीत. चिंधी कशाची असते ते सांगितलं, थापट्यांचं सांगितलं, भिंत खरवडल्याचं सांगितलं. वरून हेही सांगितलं की यशोदाने जन्मात कधी चातुर्मासात वांगं खाल्लं नाही आणि आता तिच्याच नवमीला तिच्या घासात वांगं, म्हणजे तिचं व्रतही गेलं आणि बीही गेलं. मोहिनीने ताटली उचलली आणि ती कुठे न्यावी हे न कळून पुन्हा ठेवली. मग ती रडायला लागली, तोंडात पदर कोंबून, आवाज न करता. माझ्या बायकोला तिथून उठावं की बसावं कळेना.

नानांनी रेनकोट काढला. खुंटीला लावला.

"अक्का, तिले बोलू नको," ते म्हणाले. "चिंधी मी बांधी. पन चिंधीनं काय ते तिले कोनी सांगं नही. यशोदानी सांगं नही, मी बी सांगं नही."

खरं होतं ते. सून सणाला यायची, पाहुण्यासारखी जेवायची आणि जायची. यशोदाबाईंना वाटायचं, शिकली-सवरलेली पोरगी, तिला कुठे राखेत हात घालायला लावा. आणि नानांना वाटायचं, बी धरणं हे बायकांचं काम, आपण काय सांगणार. असं एकमेकांना जपता जपता प्रकरण भरतापर्यंत आलं होतं.

अक्कांनी हळू आवाजात विचारलं, मग आता या भरताचं काय करायचं. टाकून देऊ का.

नाना ताटलीसमोर बसले.

"ती चार महिना थांबे," ते म्हणाले. "आते कसाले थांबी?"

अक्कांनी बिस्किटाएवढ्या गोवऱ्या पेटवल्या, त्या भसाभस पेटल्या. खिरीचा, पुरणाचा घास पडला, आणि शेवटी नानांनी भरताचा घास मोहिनीच्या हाताने टाकवला. बिया निखाऱ्यावर तडतडल्या. बाहेर पाऊस लागून राहिला होता. माझ्या बायकोच्या पानातही ते भरीत पडलं. कडू होतं, ती म्हणाली. पिकलेल्या वांग्याचं भरीत होतच नाही. पण सगळ्यांनी खाल्लं.

मोहिनी दुसऱ्या दिवशी जाणार होती, ती गेली नाही. सकाळी नानांच्या रेनकोटात तिला बागेत पाहून लीलाधरभाऊ चक्रावले. नाना व्हरांड्यातून सांगत होते आणि ती चर साफ करत होती. झाडाला वांगं पिकवायचं काम उरलं नाही की ते पुन्हा फुलावर येतं, हे तिला त्यांनी सांगितलं. पुढे पाऊस टिकला तर फूल टिकणार नाही, हेही सांगितलं. नाशिकला गेल्यावर तिचा रोज फोन यायचा. आधी हितेंद्रला वाटायचं आपली चौकशी चाललीय. मग त्याच्या लक्षात आलं की बाप आणि बायको त्याच्याबद्दल बोलतच नाहीत. नाना फोनवर फुलं पडल्याचं सांगायचे. एवढं बोलताना त्यांना आम्ही बाई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला. दिवाळीच्या आधी एक फूल टिकलं.

चंपाषष्ठीला सगळ्या जळगावात काड्यांचा धूर होता. आमच्या कॉलनीत भरीत बाजारच्या वांग्यांचं झालं. ते वाईट नव्हतं. लीलाधरभाऊ म्हणाले, मीठ कमी आहे, आणि दोनदा घेतलं.

झाडावरचं वांगं पिवळं व्हायला पुढे मकरसंक्रांत उलटली. ते आधीच्यापेक्षा बरंच लहान होतं. एका बाजूने किडीने खाल्लेलं. मोहिनी नाशिकहून सकाळच्या बसने आली. मी त्या दिवशी कुंपणाजवळ होतो. नाना ओसरीवर पाट घेऊन बसले, पण वांग्याला हात लावेनात. तिनेच ते हाताने फोडलं, गर कुस्करला आणि पाण्याच्या घमेल्यात सोडला. पोकळ बी वर तरंगतं, भरलेलं तळाला जातं. दोघं वाकून बघत राहिले. बरंचसं वर आलं. नाना मान वळवून रस्त्याकडे बघू लागले.

मोहिनीने वरचं बी पाण्यासकट ओतून दिलं. घमेलं तिरकं केलं आणि तळाला बोटं फिरवली. चिमूटभर बी तिच्या बोटांना लागलं.

"आबा, आहे," ती म्हणाली.

नानांनी ते तळहातावर घेतलं, बोटाने पसरलं, एकेक पाहिलं. मग तिच्या हातात परत दिलं आणि राखेची वाटी तिच्याकडे सरकवली.

"तू कालव," ते म्हणाले. "मी पाणी घालतो. थोडंच."