शकूला इंदूरला नेताना

खटल्यातल्या गोष्टी कुणी जमवत नाही. कोर्टाच्या ओट्यावर तारखांमागून तारखा बसून काढल्या की त्या लुगड्याला कुसळांसारख्या चिकटतात. माझ्या अजून निघालेल्या नाहीत, आणि मी काढणारही नाही.

नवऱ्यानं मुंबईत दुसरं बिऱ्हाड मांडलं, म्हणून महाडच्या कोर्टात घटस्फोट मीच मागितला. शाळेचं तोंड न बघता मी वाचायला शिकले, शिवणही शिकले. इंदूरच्या एका महिला मंडळानं शिवणवर्गावर नोकरी देऊ केली. लगेच नवऱ्याचा अर्ज आला: बाईनं कुठंही जावं, पण सात वर्षांची शकू परराज्यात जाता कामा नये.

०

'परराज्य' ऐकून कुडपणचे माझे सासरे लेकाच्या वकिलाला म्हणाले, "म्हंजे आंबेनळी घाटाच्या वर?"

"त्याच्याही पुष्कळ पुढे."

"वर गेलं की सगळं सारखंच. महाबळेश्वराला गेलेली आमची म्हैस अजून परत आली नाय."

०

सासूबाई प्रत्येक तारखेला लेकाच्या बाजूनं यायच्या आणि माझ्या बाजूला बसायच्या. फडक्यात नाचणीची भाकरी, वर सुकट. शकूला भरवायच्या, उरलेली माझ्या हातावर ठेवायच्या. नवऱ्याचा वकील वैतागला. "आजी, ती विरुद्ध पक्षाची आहे."

"असंल. पण सकाळपासून उपाशी हाय."

०

जज्जसाहेबांनी नवऱ्याला विचारलं, "मुलीला सांभाळणार कोण?"

"माझी आई."

"आणि तुम्ही?"

"मी मुंबईला असतो."

साहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे बापानं गाव सोडलेलं चालतं."

मी मोठ्यानं हसले. शिपायानं मला बाहेर काढलं. तिथून माझं हसू आत जास्तच ऐकू जात होतं म्हणे.

०

अखेर सासरे म्हणाले, "कौल लावू. देवी सांगंल तेच मी कोर्टात सांगन."

ग्रामदेवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर पोर जाणार, डावी पडली तर राहणार. गुरवानं गाऱ्हाणं घातलं. कुणाला न भिणारी मी, पण पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिले.

उजवी लगेच पडली. पुढच्या तारखेला सासऱ्यांनी लेकाला अर्ज मागं घ्यायला लावला.

आम्हा मायलेकींची एसटी निघताना सासूबाईंनी शकूच्या गालावरून हात फिरवला. मग खिडकीशी तोंड आणून मला म्हणाल्या, "गुरवाला पाकळ्या मीच भिजवून दिल्या गो. उजवीकडची नीट भिजवायची राहिली."