जगन्नाथतात्यांचे सॉक्रेटिस

…तर रहाट ओढता ओढता सॉक्रेटिस थांबला, दोर तोडला आणि पलीकडच्या वाडीतल्या ॲन्सेल्मच्या मुळ्यांच्या वाफ्यात शिरला, इथवर काल आलो होतो. सॉक्रेटिस म्हणजे आमच्या शेजारच्या जगन्नाथतात्या राऊतांचा बैल.

सांडोरला तात्यांची केळीची वाडी. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. तिथे मास्तरांनी एकदा गोष्ट सांगितली, की ग्रीस देशात सॉक्रेटिस नावाचा म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून प्रश्न विचारायचा, आणि शेवटी विष प्याला पण बोललेलं मागे घेतलं नाही. ती गोष्ट तात्यांच्या डोक्यात बसली ती बसलीच. आधी बैलाचं नाव सॉक्रेटिस झालं. मग वाडीतल्या बावखलाचं, म्हणजे ज्या तळ्याचं पाणी रहाटाने उपसत त्याचं. मग राजेळी केळीच्या सगळ्यात चांगल्या बेटाचं. "सॉक्रेटिसला जुंप, सॉक्रेटिसचं पाणी काढ आणि ते सॉक्रेटिसला सोड," असं ते गड्याला सांगत, आणि गडी बरोबर करत असे.

ॲन्सेल्म म्हणायचा, "तात्या, आमचे फादर बाप्तिस्म्याला विचारतात, हा संत कुठला? तुमच्यात कोणी विचारत नाही म्हणून चाललंय."

"विष प्याला, शब्द फिरवला नाही. संताला आणखी काय लागतं?"

"आणि माझे मुळे खाल्ले ते?"

"ते बैलाने."

एकोणपन्नास साली तात्यांची सून रुक्मिणी दुसऱ्यांदा बाळंत झाली. मुलगा झाला. थोरली सुमन रुक्मिणीच्या माहेरी, होळी गावात जन्मली आणि नाव घेऊनच या घरी आली, त्यामुळे तात्यांची संधी हुकली होती. या खेपेचं बारसं मात्र घरीच. नाव ठेवणार आत्या, म्हणजे तात्यांची लेक जयवंती, आणि ती बापाच्या शब्दाबाहेर नव्हती. तात्यांनी तिला कुठलं नाव सांगितलं असेल, हे सांडोरात कुणी कुणाला विचारलंही नाही.

रुक्मिणीने नवऱ्याला गळ घातली, माझ्या पोराला बैलाचं नाव नको. मधू म्हणाला, "बोलतो बाबांशी," आणि बारा दिवस केळीला माती लावत राहिला.

बारशाला ओटी भरली. जयवंती पाळण्यावर वाकली. तिच्या पाठीत धपाटे घालायला बायकांनी हात उचलले. तेवढ्यात रुक्मिणी, जिने लग्न झाल्यापासून सासऱ्यापुढे आवाज चढवून एक शब्द काढला नव्हता, डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "वन्सं, थांबा जरा. मामंजी, एक विचारू?"

बायकांचे हात वरच राहिले.

"विचार."

"मी पोराला जेवायला हाक मारली आणि आधी बैल आला, तर पान कुणाला वाढू?"

ॲन्सेल्म दारात उभा होता, तो हसू दाबत अंगणात गेला. मधू खांबाआड सरकला. मला वाटलं, आता म्हातारा भडकणार. तात्यांनी पाळण्याकडे बघितलं, मग सुनेकडे. पुढे जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं:

"बैलाचं नाव ठेवलं तेव्हा त्याने मला काही विचारलं नाही. बावखलाने नाही, केळीनेही नाही. या वाडीत पहिला प्रश्न तू विचारलास. तेव्हा नाव तू सांग, जयवंती तेच कानात म्हणेल."