नेल गनची खंडेनवमी

मिस्त्रींच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं दिसलं, तेव्हा मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात तर्जनीला चिंधी होती. मग त्यांनी आपण होऊनच सांगितलं, "बाई, डोळं दगा द्याय लागलेत. खिळा एकीकडं, हातोडी दुसरीकडं."

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात लाकडाचं जे काही धड आहे, ते गेल्या तीस वर्षांत या माणसाच्या हातून झालेलं. यंदा फरशी बदलली आणि सहाही दारांच्या चौकटींभोवती भिंत फुटून फटी पडल्या. त्या झाकायला सागवानी पट्ट्या मारायच्या होत्या. या कामाला खिळा बारीक लागतो आणि त्याचं डोकं लाकडात बुडावं लागतं, म्हणजे अधू डोळ्यांचा माणूस हमखास बोट ठेचून घेणार. मिस्त्रींचा जावई त्यांना काम सोडून पेठ वडगावला राहायला बोलवत होता. "जावई चांगला हाय," मिस्त्री म्हणाले. "पण तिथं बसून करू काय, गल्लीतली कुत्री मोजू?"

त्यांनी कुठल्याशा बंगल्यावर नेल गन पाहिली होती. नाक लाकडाला टेकवायचं, घोडा ओढायचा, आणि डावा हात खुशाल लांब ठेवायचा. गन मिळाली तर अजून चार-पाच वर्षं काम, नाहीतर वडगाव, असा सरळ हिशोब होता. मी ठरवलं की गन मी घ्यायची. आधी माझी सहा दारं होतील, मग ती त्यांची.

शाहूपुरीतल्या एका काचेच्या दारांच्या, अवजारांच्या दुकानात मी आणि मिस्त्री शिरलो तेव्हा टाय लावलेल्या विक्रेत्याने पहिला प्रश्न केला, "सर नाही आले?" आमचे सर जाऊन अकरा वर्षं झाली. असते तरी खिळा आणि स्क्रू यांतला फरक त्यांना मीच सांगितला असता. मी म्हटलं, गन चालवणार आहेत हे मिस्त्री, त्यांच्याशी बोला. तो "हो हो" म्हणाला आणि पुढचा अर्धा तास माझ्याशीच बोलला.

त्याने सगळ्यात मोठी गन काढली. मिस्त्रींनी ती चौकटीच्या वरच्या पट्टीला धरावी तशी डोक्यावर धरली आणि तशीच ठेवली. थोड्या वेळात मनगट थरथरायला लागलं. "काकांना सवय होईल," विक्रेता मला म्हणाला. काका हातभर अंतरावर उभे होते. कंप्रेसरवर चालणारी हलकी होती, पण शिडीवर चढताना पायात नळी येणार, आणि डोळे हे असे. शेवटी मिस्त्रींनी बॅटरीवरची, बारीक खिळ्यांची, त्यातल्या त्यात कमी वजनाची गन निवडली. विक्रेत्याने पांढऱ्या मऊ लाकडात एक खिळा मारून दाखवला. उकडलेल्या बटाट्यात जावा तसा तो आत गेला.

मिस्त्रींनी पिशवीतून आमच्या दाराच्या सागवानी पट्टीचा तुकडा काढला. "ह्यात मारून दावा."

ते चालत नाही म्हणे. डेमोसाठी कंपनीचंच लाकूड वापरायचं. म्हणजे गन कंपनीच्या लाकडासाठी विकत घ्यायची आणि आपल्या दारांना दुरून दाखवायची. मी तिथेच बैठक मारायच्या तयारीत आहे हे पाहून मालक बाहेर आले. गन हातात देताना सागवानावर चालवून दाखवू, असा त्यांनी शब्द दिला. देणं मात्र खंडेनवमीला, कारण त्या दिवशी दुकानात सामुदायिक शस्त्रपूजन होतं.

त्या दिवशी दुकानासमोर मांडव होता, भगवे फेटे होते आणि पहिल्या दोन रांगांतल्या खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या होत्या. सुतार, गवंडी, वायरमन मांडवाबाहेर उन्हात उभे. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि कष्टकऱ्यांच्या हातांवर बोलले. लाल कापडावर यंत्रं मांडलेली होती. फोटोत खिळे चमकावेत म्हणून गनना खाली जोडलेल्या खिळ्यांच्या पेट्या उघड्या ठेवल्या होत्या. पाहुण्यांनी प्रत्येक यंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि मग लग्नात टाकावी तशी ओल्या, कुंकवात भिजलेल्या अक्षतांची मूठ सगळ्यांवर उधळली. शाल, श्रीफळ आणि टाळ्या झाल्यावर आमच्या हाती गन आली.

विक्रेता म्हणाला, "आणा तुमचं सागवान, मारून दाखवतो."

मिस्त्रींनी गनला हात जोडले. "आज न्हाय. खंडेनवमीला हत्यार चालवायचं नसतंय."

विक्रेत्याचा जीव भांड्यात पडला. मीही हट्ट सोडला. त्या दिवशी माझ्या घरात विळीसुद्धा चालत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या दारापाशी पहिला खिळा नीट बसला, दुसरा अर्धाच गेला, तिसरा आलाच नाही. मिस्त्रींनी बॅटरी काढली आणि गन मांडीवर घेऊन बसून राहिले. वडगाव एकदम जवळ आल्यासारखं वाटलं. फोन केला तर विक्रेता म्हणाला, "मॅडम, घेताना तपासून घ्यायला हवी होती."

आम्ही गन घेऊन गेलो. दुकानातल्या दुरुस्तीवाल्याने आत डोकावून पाहिलं. कुंकवाने लाल झालेले तांदळाचे दोन दाणे खिळ्यांच्या वाटेत चिकटून बसले होते. "बाहेरची वस्तू आत गेलीय," तो म्हणाला, "वॉरंटीत बसत नाही." त्याच्या डोक्यावरच भिंतीवर मोठा फोटो लटकत होता. पाहुण्यांचा हात उंचावलेला, अक्षता हवेत आणि त्याखाली पेटी उघडलेल्या गनची रांग. फोटोखाली 'कारागिरांचा सन्मान' अशी ओळ होती, आणि त्यात एकही कारागीर नव्हता. मी म्हटलं, वस्तू बाहेरची असेल, पण हात तुमच्या पाहुण्यांचा आहे. विक्रेता म्हणाला, मी तुमच्या भावना समजू शकतो. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं त्याला मी कधी माफ करणार नाही. गन कंपनीकडे पाठवायची आणि महिनाभर थांबायचं, असं ठरत होतं.

"द्या हिकडं," म्हणून मिस्त्रींनी बॅटरी वेगळी केलेली गन उचलली आणि बाहेर दुकानाच्या पायरीवर बसले. पिशवीतून लांब सुई काढली. "बाई, तुमी बगा. मी काढतो."

मी मोबाईलचा उजेड धरून सांगत गेले, जरा डावीकडे, आता खाली, हां, तिथेच. एक दाणा निघाला. दुसरा चिकट होता, तो तुकड्या-तुकड्याने आला. त्यांनी खिळे भरले, बॅटरी लावली, सागवानाचा तुकडा पायरीवर ठेवला आणि एकापाठोपाठ चार खिळे मारले. मी बोट फिरवून पाहिलं. चारही डोकी बुडाली होती.

आवाजाने जाणारे-येणारे थांबले, तसा विक्रेता धावत बाहेर आला. इथे नको, गिऱ्हाइकं येतात, म्हणाला.

"गिऱ्हाईकच हाय की आमी," मिस्त्री म्हणाले आणि पाचवा खिळा मारला.

मालकांना मी चार पानी पत्र लिहिलं. उत्तरादाखल पुढच्या शस्त्रपूजनाचं निमंत्रण आलं, माझ्या नावाच्या राखीव खुर्चीसह. एकच खुर्ची.

सहाही दारं दिवाळीआधी झाली. दिवाळीत जावई मिस्त्रींना वडगावला घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी स्वतःच परत आणून सोडून गेला, कारण पलीकडच्या गल्लीत पट्ट्यांचं काम ठरलं होतं. काम सुरू करण्याआधी मिस्त्री गन दाखवायला आले. खिळ्यांच्या पेटीवर त्यांनी जुन्या धोतराचं फडकं घट्ट बांधलं होतं. अंगठ्याचं काळं नख गळून गेलं होतं आणि खालून नवं, अजून पातळ, गुलाबी नख येत होतं.