पापड न मोडणारी बॅग

माझ्या साडूंनी आजवर एकही वस्तू दुकानदाराच्या शब्दावर घरी आणलेली नाही. छत्री घ्यायची तर ते ती उघडून शेजारच्या हॉटेलच्या नळाखाली उभे राहतात. गादी घेताना दुकानातच असे गाढ झोपले की शेवटी मालकाने चहा मागवून त्यांना उठवले. मी हिशेबी माणूस. किंमत आणि वॉरंटी बघितली की मोकळा होतो. त्यांच्या मते ही मुलगी न बघता केलेली सोयरीक.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, ऋतुजाला, नोकरीची दोन बोलावणी आली. एक कागलच्या कारखान्यातून, दुसरे पुण्याहून. तिने घरी राहून रोज कागलला ये-जा करावी, एवढीच साडूंची इच्छा होती. पण तसे तोंडाने म्हणणे त्यांना जमेना. त्याऐवजी त्यांनी जाहीर केले, "लॅपटॉपची बॅग मी घेणार. रोजचा प्रवास कसा फुलागत झाला पायजे."

"स्टायलिश बघा हं बाबा," ऋतुजा म्हणाली. "औषधं विकाय निघाल्यागत दिसाय नको."

मला घेऊन ते स्टँडसमोरच्या दुकानात गेले आणि पिशवीतल्या पोह्याच्या पापडांच्या पुडक्यांपैकी एक काढून बॅगेतल्या लॅपटॉपच्या कप्प्यात सारले. दुकानदार बघतच राहिला.

"पावणं, हे काय?"

"कागलच्या एसटीत जागा कशी धरत्यात? खिडकीतनं बॅग टाकूनच की. आत पडल्यावर लॅपटॉपचं काय हुतंय ते बघाय नको?"

"लॅपटॉप घालून कोण टाकतंय व्हय?"

"मग लॅपटॉप काय बाहेर धरून हुबी ऱ्हाईल पोरगी?"

दुकानाच्या फरशीवर टाकलेल्या पहिल्या दोन बॅगांत दोन पुडक्यांचा चुरा झाला. तिसरी राखाडी कॅनव्हासची, तपकिरी पट्ट्याची, खरोखर देखणी होती. साडूंनी ती स्टँडवरच्या गाडीच्या खिडकीतून नेमकी सीटवर टाकली आणि ते दाराकडे वळेपर्यंत गाडी सुटली. साडू रिक्षा करून मागे धावले. दुकानदाराने मला स्टुलावर बसवले. "बॅग येईस्तवर तुमी हितंच."

बऱ्याच वेळाने साडू बॅग छातीशी धरून परतले. "एक पापड मोडला न्हाय! आणि साडू, लोकं हुबी हुती, पण त्या शीटवर कोण बसलं न्हाय. म्हणत्यात, कुणा सायबाची दिसतीया. हीच घ्यायची."

ऋतुजाला बॅग मनापासून आवडली. ती खांद्याला लावून बराच वेळ आरशासमोर उभी राहिली. मग आमच्याकडे न बघताच म्हणाली, "बाबा, पुण्यात रोज न्यायला एकदम बेस्ट हाय."

साडूंनी पट्टा एकदा ओढून बघितला. "मजबूत हाय," एवढेच म्हणाले.

ती निघाली त्या दिवशी घरापासून स्टँडपर्यंत बॅग त्यांनी स्वतःच्याच खांद्यावर ठेवली. पुण्याच्या गाडीच्या दारात तिने हात पुढे केला, "द्या की बाबा आता." त्यांनी ती तिच्या खांद्यावर अडकवली. पट्टा त्यांच्या मापाने सोडलेला. बॅग तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबू लागली. साडू वाकून पट्टा कमी करू लागले. कंडक्टर ओरडला, "मामा, आटपा! गाडी सोडायची हाय."

"थांबा की हो जरा. बक्कल बसंना झालंय."

मी शेजारीच उभा होतो. बक्कल केव्हाच बसले होते.