गाडीखाली ऐकलेलं ‘व्हय’

या ग्रुपवर लोकांच्या भुताखेतांच्या अनुभवांची सगळ्यात जास्त टर मीच उडवलीय. "रात्री काय प्यायला होता?" ही कमेंट बहुतेक वेळा माझीच असते. तेव्हा आज माझी उडवा, काही तक्रार नाही. खरं सांगायचं तर मला भुतापेक्षा स्वतःचीच लाज वाटतेय... म्हणून नाव न घालता लिहितोय.

मी जुळे सोलापुरात राहतो. हौसेनं सेकंडहँड टर्बो हॅचबॅक घेतलीय, मॅन्युअल गियरची. मागच्या शनिवारी सकाळी तिचं क्लचचं पेडल एकदम मऊ पडलं. पाय ठेवला की खाली, गियर काही पडेना. आणि रविवारी मंद्रूपला माझ्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. बायको म्हणाली, "अहो, गॅरेजला दाखवा, नाहीतर सरळ एसटीनं जाऊ. उद्या वेळेवर पोचायलाच पाहिजे, आई वाट बघतीय." पण मी कुणाचं ऐकतोय होय? क्लचच्या लाइनीत हवा शिरली असणार, मीच काढतो म्हटलं. व्हिडिओ बघितले होते की!

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खालून निपल (हवा सोडायचा बारका स्क्रू) ढिलं करायचं. हवा आणि थोडं ऑइल बाहेर आलं की निपल आवळायचं, मगच पेडल सोडायचं. क्रम चुकला की हवा परत आत. गाडी पुढून स्टँडवर उचलली, बायकोला सीटवर बसवलं आणि मी खाली घुसलो.

"दाब... धर... सोड." सुरुवातीला तिनं दोनदा लवकर सोडलं. मी ओरडलो, बराच वेळ बडबड केली. स्वभावच आहे माझा तसा. मग मात्र छान जमायला लागलं. दाब म्हटलं की पेडल सावकाश खाली जायचं (त्याबरोबर सरकणारा दांडा मला खालून दिसायचा), धर म्हटलं की जरासुद्धा हलायचं नाही. फक्त दर वेळी वरून उत्तर यायचं – "व्हय."

आता हे ‘व्हय’ म्हणजे माझ्या सासऱ्यांचा शब्द. मामांनी जन्मभर ट्रक चालवला. त्यांना काहीही सांगा, उत्तर एकच, "व्हय." मी त्यांची नक्कल करून बायकोला चिडवायचो. म्हटलं, आज ही माझी फिरकी घेतीय. आवाज घोगरा वाटला, पण गाडीखाली सगळंच तसं ऐकू येतं.

तेवढ्यात ऑइलचा थेंब डोळ्यात पडला आणि माझं डोकं फिरलं. "व्हय व्हय काय लावलंयस?" मी खालून ओरडलो. "तुझा बाप जन्मभर दुसऱ्याच्या ट्रकचा क्लच दाबत, ‘व्हय मालक, व्हय मालक’ करत मेला! तेवढंच शिकलीस का त्याच्याकडनं?"

जास्तच बोललो, हे मलाही कळलं. पण माघार कोण घेणार... म्हटलं, "दाब."

मग पेडल खाली गेलं, पहिल्यासारखंच सावकाश. "धर" म्हटलं, धरलं. "सोड" म्हटलं, सोडलं. ‘व्हय’ मात्र परत आलं नाही. ऑइल स्वच्छ यायला लागलं, एक बुडबुडा नाही.

मी बाहेर आलो तर सीट रिकामी! घरामागून बायको येत होती, गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात पाइप. "झालं का हो? पाणी आलं म्हणून तुम्हाला सांगूनच गेले की मी! तुमची बडबड चालली होती, तेव्हाच. सगळी पिंपं भरून झाली. एवढं कुणावर ओरडत होता?"

मी पेडलखालच्या मॅटवर हात फिरवला. कोरडी ठणठणीत, ओल्या पायाचा मागमूस नाही. पेडल दाबलं, नव्या गाडीसारखं कडक.

एका मित्राचं गॅरेज आहे. तो म्हणतो, निपल उघडं ठेवलं की ऑइल आपोआप खाली उतरतं, त्यात काय एवढं! मान्य. पण पेडल दाबल्यावर खालचा जो दांडा सरकतो, तो माझ्या डोळ्यांसमोर माझ्या शब्दासरशी पुढं-मागं होत होता, त्याचं काय? आणि तो आवाज?

रविवारी वेळेवर पोचलो. सासूबाई मामांच्या फोटोला हार घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलासा व्हय पाव्हणं! काल लेकीनं फोन केला, गाडी बिघडलीया म्हनून. माजा जीव लई घाबरला. मग ह्यास्नीच म्हनलं, तुमीच बगा आता, लेक यायला पायजे... गाडी नीट चालली न्हवं?"

माझ्या तोंडून आपसूक एकच शब्द निघाला – "व्हय."

बायकोनं झटकन वळून माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले. तिला वाटलं, मी आजच्या दिवशीसुद्धा, त्यांच्या फोटोसमोर, नक्कल करतोय. परत येताना ती मागच्या सीटवर जाऊन बसली.

तो पाय कुणाचा होता, मला आजही सांगता येत नाही. बायकोलाही काही सांगितलेलं नाही. तुझे वडील आले होते, एवढं सांगेन हो एक वेळ... पण ते आले तेव्हा त्यांना काय ऐकावं लागलं, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?