जाईबाईची काचपट्टी

मोतीराम तायडे यांनी अमरावतीच्या एका कॉलेजात बत्तीस वर्षं जीवशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळली. पद परिचराचं, पण कांद्याचा पापुद्रा सुरकुती न पडता काचपट्टीवर अंथरावा तो त्यांनीच. सर दरवर्षी पेशींचा तोच धडा शिकवत, आणि काचा पुसता पुसता तो मोतीरामांना पाठ झाला होता. हूकने बुचाच्या कापात खोल्या पाहिल्या, पण बूच म्हणजे मेलेली साल, म्हणून त्या रिकाम्या होत्या. पावणेदोनशे वर्षांनी श्लायडेनने झाडांत आणि श्वानने प्राण्यांत दाखवलं, की सगळे जीव पेशींचेच बनलेले. मग विरशॉने ठासून सांगितलं, पेशी पेशीपासूनच निघते.

महिनाअखेर मोतीरामांची निवृत्ती होती. त्याआधी जुन्या काचपट्ट्या मोडीत काढायचं ठरलं. भंगारवाला उद्या येणार, म्हणून ते सकाळपासून खिडकीजवळ सूक्ष्मदर्शक लावून बसले होते. त्यांना एकच पट्टी हवी होती.

लग्नाच्या पहिल्या वर्षी, एका रविवारी, त्यांनी जाईबाईला प्रयोगशाळा दाखवायला आणलं होतं. अकोल्याची मुलगी, बोलायला फटकळ. मोतीरामांनी काडीने तिच्या गालाची आतली बाजू हलकेच खरवडली आणि निळा रंग दिला.

"हे काय करून राहिले तुमी? थुका काचेवर ठेवते का कोणी?"

"थुका नाही वं. पाय तं इथून."

तिने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "मी एवढी पातळ आहो आतून? अन् मधात हा ठिपका कायचा?"

"केंद्रक म्हणते त्याले."

"नाव तरी धड ठेवाचं होतं!"

मोतीरामांनी वर पातळ काच चिकटवून ती पट्टी कायमची बंद केली आणि कडेला चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं.

पुढे कधीतरी तपासणी समिती यायची होती. सगळ्या पट्ट्यांवर एकसारख्या चिठ्ठ्या लावा, असा सरांचा हुकूम सुटला. बायकोची पट्टी कॉलेजच्या पेटीत कशी, हे सांगायची मोतीरामांना लाज वाटली. जुन्या चिठ्ठ्या भिजवून काढताना तिचीही निघाली. बेचाळीस पट्ट्यांवर एकच मजकूर चढला : मानवी गालाच्या पेशी. तेव्हा खुद्द जाईबाईच घरी होती. काचेची कोणाला पडली होती? आता तिला जाऊन तीन वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं.

दुपारी जीवशास्त्र शिकवणाऱ्या नीलम मॅडम आत आल्या. "मोतीरामभाऊ, डबा तसाच आहे तुमचा."

"मॅडम, गालाच्या पेशी पाहून माणूस ओळखू येते का?"

"नाही हो. अशा पाहून सगळ्यांच्या सारख्याच दिसतात. तेच तर शिकवतो आपण."

मोतीरामांनी भिंगावरून डोळा काढला आणि थांबत थांबत सगळं सांगितलं. मॅडमनी पेटी त्यांच्याकडे सरकवली.

"पेटीच घेऊन जा. मी विचारते प्राचार्यांना, नाही म्हणणार नाहीत."

"बाकी एक्केचाळीस जणांचं मी काय करू मॅडम?"

"त्यांच्यात ती आहे ना."

संध्याकाळी पेटी मांडीवर घेऊन ते ऑटोने घरी आले. उजेड होता तोवर खिडकीशी उभे राहिले आणि एक पट्टी डोळ्यासमोर धरली. घरी सूक्ष्मदर्शक नव्हता. काचेत फिकट निळा डाग दिसला, आणि काचेपलीकडे शेजाऱ्यांची भिंत. त्यांनी ती पट्टी जपून कापडावर ठेवली आणि दुसरी उचलली.