खुणेच्या आत धरलेली करवत

वीस वर्षं झाली, ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, मुलीला नाही, जंगलात दिवसभर सोबत राबणाऱ्या माणसांनाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल कदाचित.

आंबागडला, किल्ल्याच्या डोंगराखाली आमचं घर. मी वनमजूर, आणि फावल्या वेळात धनुष्यं करायचो — बांबूची नाही, धामणीच्या लाकडाची. वडिलांनी शिकवलं. त्यांचं म्हणणं असं, की आधी माणूस मोजायचा, मग लाकूड. ज्याला धनुष्य हवं त्याला अनवाणी उभं करायचं, जमिनीपासून भुवईपर्यंत काठी लावायची. हात लांब असतील तर वर चार बोटं धरायची. आखूड धनुष्याची दोरी अर्ध्यापर्यंत मुकाट येते आणि पुढे अडून बसते. ओढणाऱ्याला वाटतं, आपलाच जोर कमी पडला.

हे मला पक्कं ठाऊक होतं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नजरचुकीनं झालं असेल असं कुणी म्हणायला नको.

रेवता, माझी बायको, लग्नाआधी शाळेकडून तिरंदाजी खेळायची. तिला पहिल्यांदा पाहिलं ते तुमसरच्या एका मैदानावर. उंच, हाडकुळी, लांबच लांब हातांची. दोरी ओढून हनुवटीखाली आणली की अशी स्थिर व्हायची, की बघताना माझाच श्वास अडकायचा. त्या एका क्षणासाठी मी तिला मागणी घातली — खरं सांगतो, दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी दीड वर्षाची असताना एका निवासी शाळेतून निरोप आला. मुलींना तिरंदाजी शिकवायला बाई हवी होती. आधी नेम दाखवायचा, जमला तर काम पक्कं. राहायची सोय तिथेच, लेकरू सोबत आणलं तरी चालेल. रेवता त्या दिवशी घरभर नुसती हसत फिरत होती.

“मले धनुष्य बनवून द्या जी,” ती म्हणाली. “तुमच्याच हातचं पायजे.”

तिला अंगणात उभं केलं. माप घेतलं. भुवई, आणि वर चार बोटं. लाकडाच्या दोन्ही टोकांना कोळशानं खुणा केल्या, बरोबर जागी केल्या. मग ती पाण्याला गेली, आणि मी —

काय वाटलं मला? ही जाईल, पोर जाईल, आणि मी सुट्टीच्या दिवशी एसटीनं पाहुण्यासारखा भेटायला जाईन. आणि आणखी एक, जे सांगायलाही लाज वाटते. तिथे सगळे तिच्याकडे तसेच बघतील, जसं मी बघितलं होतं. करवत मी खुणेच्या आत धरली. दोन्हीकडून चार-चार बोटं. कापलेले तुकडे चुलीत घातले.

आठ दिवस ती घरामागच्या बांधावर उभी राहून तणसाच्या पेंढीवर बाण मारत होती. दोरी हनुवटीपर्यंत येईना. हात थरथरायचे, बाण धानात जाऊन पडायचे. नवव्या दिवशी तिनं धनुष्य भिंतीला टेकवलं.

“माह्या हातात दम नाही रायला जी.”

तेव्हा बोलता आलं असतं ना? धामणीचं दुसरं लाकूड छपराखाली सुकत पडलं होतं, आठवडाभरात नवं झालं असतं. मी काय म्हणालो?

“लेकरू झाल्यावर होतेच तसं. आंग पहिल्यावाणी रायते का?”

करवतीपेक्षा हे वाईट. तिनं मान हलवली, शाळेला नकार कळवला, आणि पोरीला घेऊन स्वयंपाकाला लागली.

ती राहिली. मला हवं होतं तसंच झालं. पण त्या मैदानावरच्या मुलीची मला इतकी ओढ आहे, की काय सांगू. धानाच्या रोवणीच्या दिवसांत कधी रेवता चिखलात कंबर सरळ करते, एक हात लांब ताणते, आणि वाटतं — आता. आत्ता दिसेल. मग ती रोपांची दुसरी पेंडी उचलते आणि पुन्हा वाकते. वीस पावसाळे मी बांधावर उभा राहून हे बघतोय.

गेल्या महिन्यात मुलगी नागपूरहून आली होती. जेवताना तिनं मोबाइलवर तिरंदाजीची स्पर्धा लावली आणि विचारलं, “आई, तू पण खेळत होती ना?”

“छ्या, मले कधी जमलंच नाही, माय,” रेवता म्हणाली. “तुह्या बाबानं एवढं मन लावून धनुष्य बनवून देलं, पन माह्यातच दम नव्हता.”

कधी जमलंच नाही. म्हणजे तुमसरचं ते मैदानही तिच्याजवळ उरलं नाही. ते फक्त मला दिसतं.

मुलगी माझ्याकडे वळली. “खरंच का, बाबा?”

मी भात कालवत होतो. मान वर न करता हो म्हणालो.